संकेतस्थळावरील विक्री आणि रकमेचा भरणा

टपालखात्याने १८७७ साली ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धती सुरू केली आणि दूरस्थ व्यापारातील एक जुनी अडचण तीमुळे पुष्कळ अंशी सुटली. ग्राहकाने आधी पैसे धाडावेत तर माल येईल याचा भरवसा नाही. विक्रेत्याने आधी माल धाडावा तर मोल मिळेल याची शाश्वती नाही. पोस्टमन या दोहोंच्या मध्ये उभा राहिला. रक्कम घ्यावी आणि पार्सल हाती द्यावे, असा क्रम ठरला. ‘व्ही. पी.’ने पुस्तके मागविलेल्या वाचकांस याची फोड करून सांगावयास नको. संकेतस्थळावरील विक्रीतही अडचण तीच आहे. मध्यस्थ मात्र बदलला आहे, आणि तो दिसत नाही.

सेलू तालुक्यातील देवगाव फाटा येथील एखादा दुकानदार संकेतस्थळावरून तूरडाळ विकतो व पुण्याचा ग्राहक ६४० रुपयांची डाळ कार्टमध्ये घालतो, असे समजू. येथे दुकानदाराच्या सर्व्हरचे पहिले काम म्हणजे मध्यस्थ संस्थेकडे, अर्थात पेमेंट ॲग्रीगेटरकडे, ऑर्डर नोंदविणे. रक्कम स्वतःच्या दरपत्रकावरून काढावी. ग्राहकाच्या ब्राउझरकडून आलेला आकडा स्वीकारू नये, कारण तो आकडा बदलणे अल्पशा माहितगारासही अवघड नाही. अनेक संस्था रक्कम पैशांत, म्हणजे ६४००० अशी पूर्णांकी मागतात. दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत पुष्कळदा नेमके मांडता येत नाहीत, हे त्यामागील कारण होय.

या मध्यस्थाची तुलना मोंढ्यातील अडत्याशी करण्याचा मोह होतो, व ती काही अंशी सार्थही आहे. दोघेही मालाचे धनी नव्हेत. दोघेही आपला मोबदला घेतात आणि रक्कम विक्रेत्यास देतात. परंतु अडत्याचा गल्ला एकच असतो. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी नियम घालून दिले, तेव्हापासून बँकेतर ॲग्रीगेटरला ग्राहकांचा पैसा स्वतःच्या पैशापासून वेगळ्या, एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो. मध्यस्थाचे दिवाळे निघाले तरी दुकानदाराचे ६४० रुपये त्यात बुडू नयेत, हा यातील हेतू आहे.

ग्राहकाची ओळख पटविण्याचे काम बँकेचे. कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारांस दुसरी पडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाली. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यास ग्राहकाचा कार्डक्रमांक साठविता येत नाही, त्याऐवजी टोकन वापरावे लागते. २०१६ साली आलेल्या यूपीआयमध्ये तर विक्रेत्यास कार्डक्रमांक देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

खरी मेख यापुढे आहे. बँकेने होकार दिल्यावर ती वार्ता दुकानदाराकडे दोन वाटांनी येते. एक वाट ग्राहकाच्या ब्राउझरमधून: त्यास ‘आभारी आहोत’ या पानावर परत आणले जाते. दुसरी मध्यस्थाच्या सर्व्हरकडून थेट दुकानदाराच्या सर्व्हरकडे. हिला वेबहुक म्हणतात. पहिली वाट दिसावयास सोपी, म्हणून नवशिका प्रोग्रामर तिच्यावरच विसंबतो. तथापि ऐन वेळी फोनची रेंज गेली तर ग्राहकाचे पैसे जातात आणि दुकानात नोंद होत नाही. उलट, त्या पानाचा पत्ता ठाऊक असलेला लबाड मनुष्य एक पैसाही न देता तेथे पोहोचू शकतो. म्हणून माल बांधण्याचा निर्णय दुसऱ्या वाटेवर ठेवावा. तीही आंधळेपणाने नव्हे. मध्यस्थ व दुकानदार यांना ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने मध्यस्थ संदेशाची सही काढतो. दुकानदाराच्या सर्व्हरने तीच क्रिया पुन्हा करून सही जुळते का ते पाहावे, मग ऑर्डर क्रमांक व रक्कम ताडावी. पोच न मिळाल्यास मध्यस्थ तोच संदेश पुन्हा पाठवितो. अशा वेळी एका व्यवहाराची दोन पार्सले निघू नयेत, यासाठी प्रत्येक व्यवहार-क्रमांक एकदाच ग्राह्य धरला जाईल अशी तजवीज हवी.

एवढे करूनही काही व्यवहार अधांतरी राहतात. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण विक्रेत्याकडे पुष्टी पोहोचली नाही, अशा प्रसंगी रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकान्वये व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत झाली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई आहे. ६४० रुपयांच्या डाळीच्या मानाने ही भरपाई लहान नव्हे. ग्राहकास मात्र हा नियम बहुधा ठाऊक नसतो, आणि तो बँकेवर न चिडता दुकानदारावर चिडतो. त्यामुळे दुकानदाराने रोज आपली ऑर्डरवही, मध्यस्थाचा हिशेब व बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत, आणि पुष्टी नसलेल्या ऑर्डरविषयी ग्राहकाचा फोन येण्यापूर्वीच मध्यस्थाकडे विचारणा करावी.