विश्लेषण : जपानच्या हारुना घाटात ‘ड्रिफ्टिंग’ला लगाम का?

जपानमधील हारुना पर्वताचा घाटरस्ता जगभरातील मोटारप्रेमींना ‘अकिना’ या काल्पनिक नावाने ठाऊक आहे. हा घाट उतारावरच्या शर्यतींमुळे गाजला, पण त्याच शर्यती रोखण्यासाठी तेथे रस्त्यावर उंचवटे घालावे लागले. हा विरोधाभास कसा निर्माण झाला?

हा रस्ता नेमका कुठे?

गुन्मा प्रांतात, शिबुकावा शहराजवळ. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इकाहोपासून हा रस्ता वळणे घेत हारुना सरोवरापर्यंत चढतो. एकामागोमाग येणारी पाच तीव्र वळणे ही त्याची खास ओळख.

प्रसिद्धी कशामुळे मिळाली?

शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथा मालिकेमुळे. 1995 ते 2013 या काळात ती साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली आणि तिचे 48 खंड निघाले. 1998 मध्ये तिच्यावर अॅनिमेशन मालिकाही आली. नायक ताकुमी वडिलांच्या दुकानातील तोफू पहाटे पोहोचवतो आणि त्याच फेऱ्यांत घाटात गाडी चालवण्यात तरबेज होतो. त्याची टोयोटा ‘एई86’ ही जुनी गाडी नव्या, ताकदवान गाड्यांना मागे टाकते. कथेतील अकिना म्हणजेच हारुना.

ड्रिफ्टिंग म्हणजे काय?

वळणावर मागची चाके मुद्दाम घसरू द्यायची आणि स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेला फिरवून गाडी ताब्यात ठेवायची. उतारावर ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागच्या चाकांची पकड सैल होते. शिवाय उतार वेग देतोच. त्यामुळे तेथे 1.6 लिटर इंजिनाची हलकी गाडीही पुरते. कसोटी लागते ती चालकाची.

याची सुरुवात कोणी केली?

1970 च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी यांनी ही शैली शर्यतीच्या ट्रॅकवर गाजवली. त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेले केइइची त्सुचिया घाटरस्त्यांवर तयार झाले आणि ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून ओळखले गेले. 1995 मध्ये या दोघांनी अकिरा इइदा यांच्यासह ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत आपल्या गटात विजय मिळवला.

मग अडचण कुठे आहे?

हा सार्वजनिक रस्ता आहे. आंधळ्या वळणापलीकडून स्थानिकाची मोटार, पर्यटकांची बस किंवा सायकलस्वार येत असू शकतो. घसरणाऱ्या गाडीला जादा जागा लागते आणि ती समोरून येणाऱ्याच्या मार्गिकेतूनच घेतली जाते. म्हणूनच वळणांवर उंचवटे आले. जपानमध्ये 2001 पासून धोकादायक वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत ठरणे हा स्वतंत्र गंभीर गुन्हा असून त्यासाठी आता 20 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शौकिनांपुढे पर्याय काय?

2001 पासून ‘डी1 ग्रां प्री’ ही व्यावसायिक ड्रिफ्टिंग स्पर्धा बंदिस्त ट्रॅकवर होते. तेथे केवळ वेग नव्हे, तर गाडीचा कोन आणि चालकाचे नियंत्रण यांनाही गुण मिळतात. शिबुकावाने चाहत्यांकडे पाठ फिरवलेली नाही. शहरातील मॅनहोलच्या झाकणांवर ‘इनिशियल डी’ची चित्रे आहेत. चाहत्यांनी यावे, झाकणांचे फोटो काढावेत, सरोवरापर्यंत गाडीही न्यावी. मात्र आपल्या मार्गिकेतून आणि वेगमर्यादा पाळून.