‘गतानुगतिकपणे’ : एका क्रियाविशेषणाचा अर्थविचार

‘गतानुगतिकपणे’ हे क्रियाविशेषण आपल्या लेखनात व भाषणात वारंवार येते. मात्र ‘निमूटपणे’, ‘मुकाट्याने’ या शब्दांचा पर्याय म्हणून ते पुष्कळदा सैलपणे योजले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा नेमका अर्थ पालि परिभाषेच्या साहाय्याने स्पष्ट करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

‘गत’ म्हणजे पुढे गेलेला, ‘अनुगत’ म्हणजे त्याच्या मागून गेलेला. या दोहोंस ‘इक’ प्रत्यय लागून ‘गतानुगतिक’ हे विशेषण सिद्ध होते, व त्यास मराठी ‘पणे’ जोडून क्रियाविशेषण. निमूटपणे आज्ञा पाळणाऱ्याच्या मनात विरोध असू शकतो. भीतीमुळे तो ओठांवर येत नाही, इतकेच. गतानुगतिकपणे वागणाऱ्याच्या मनात मुळी प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून ‘शिपायाने साहेबाचे बोलणे निमूटपणे ऐकले’ हे योग्य. तेथे ‘गतानुगतिकपणे’ चालणार नाही. ‘वडील करीत आले म्हणून मुलानेही तो विधी गतानुगतिकपणे केला’ हा मात्र या शब्दाचा यथार्थ प्रयोग होय.

ह्याच वृत्तीसाठी दीघनिकायातील तेविज्जसुत्तात व मज्झिमनिकायातील चङ्कीसुत्तात ‘अन्धवेणि’ ही उपमा येते. एकमेकांस धरून चाललेल्या आंधळ्यांची ही रांग. तिच्यातील पहिल्याला, मधल्याला आणि शेवटच्यालाही दिसत नाही. मराठी ‘वेणी’ हा शब्द येथे सहज ओळखू येतो. पेड पेडात गुंतावा तसा एक आंधळा दुसऱ्यात गुंतलेला आहे.

कोसल देशातील केसपुत्त येथे कालामांना केलेल्या उपदेशात, जो अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात आला आहे, ‘इतिकिरा’ हा शब्द आढळतो. ‘किर’ म्हणजे संस्कृत ‘किल’, आणि मराठीत नेमके ‘म्हणे’. ‘असे आहे म्हणे’ एवढ्या आधारावर काही स्वीकारू नये, हा त्याचा आशय. मात्र या उपदेशाचा अर्थ ‘केवळ स्वतःची बुद्धी प्रमाण’ असा लावणे बरोबर नाही. ज्या दहा आधारांवर विसंबू नये असे तेथे सांगितले आहे, त्यांत तर्काचाही समावेश आहे. एखादी गोष्ट कुशल की अकुशल, सुज्ञांनी निंदिलेली की प्रशंसिलेली, तिचे आचरण हिताचे की दुःखाचे, हे स्वतः जाणावे, असे भगवंतांचे सांगणे आहे. हा विवेक न करता कालामांचा दाखला देत राहणे हेही गतानुगतिकपणच होय!

मग श्रद्धेचे काय? पालि वाङ्मयात ‘अमूलिका’ म्हणजे निराधार आणि ‘आकारवती’ म्हणजे सकारण, असा श्रद्धेचा भेद केलेला आहे. धर्माचे दर्शन झालेल्या साधकास ‘अपरप्पच्चय’ हे विशेषण लावतात. शास्त्याच्या शासनात तो दुसऱ्यावर विसंबून राहत नाही.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1935 साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची व चिकित्सेची होती. त्यांच्या मागोमाग लक्षावधी लोक आले, ते गतानुगतिकपणे आले, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. अनुयायांच्या संख्येवरून अनुसरण आंधळे ठरत नाही, ते प्रत्येकाच्या आकलनावरून ठरते. अस्पृश्यतेचा दाह ज्यांनी स्वतः सोसला होता, त्यांना काय सोडावयाचे हे इतरांनी सांगण्याची गरज नव्हती.

परंतु त्यांची जाण वारशाने आपोआप मिळत नाही. विहारात पंचशील म्हणणाऱ्या मुलास ‘वेरमणी’ म्हणजे विरत होणे, हे कोणी समजावून दिले नाही, तर त्याच्या मुखी शील असूनही तो रांगेतच उभा राहील. हा दोष मुलाचा नाही. ‘हे आपले गुरू आहेत’ एवढ्यावरूनही काही मानू नये, असे कालामांना सांगितले गेले, आणि ते आम्हा शिकविणाऱ्यांनाही लागू आहे. विद्यार्थ्याने ‘असे का?’ विचारले की आम्ही थांबले पाहिजे. वेणीचा पेड तेथेच सुटू लागतो.