चाक वाढलं, भार तोच

रत्नागिरीत फेब्रुवारी उलटला की टायरच्या दुकानांसमोर पिकअप उभ्या राहायला लागतात. आंब्याचा खरा जोर मार्च अखेरपासून मेपर्यंत. त्या दिवसांत पावस, मालगुंड, राजापूर भागातल्या बागांतून संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्रभर गाडी चालवायची आणि पहाटे वाशीच्या बाजार समितीत माल उतरवायचा. जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता होतो. हंगामात गाडी एक रात्र जरी पंक्चर होऊन पडली, तरी बागायतदार पुढच्या खेपेला दुसऱ्या गाडीवाल्याला फोन लावतो. म्हणून हंगामाआधीच टायर बदलून घ्यायचे. आणि बदलतोच आहोत तर एक माप मोठा टाकू, हा विचारही नेमका याच वेळी येतो.

हातखंब्याहून शहराकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या अशाच एका दुकानात एमएच-08 पाटीची महिंद्राची बोलेरो पिकअप येऊन उभी आहे. गाडीचा मालक पंचविशीतला, चालकही तोच. मिस्त्री त्याच्या वडिलांच्या वयाचे.

‘‘मिस्त्री, मोठे टाका या वेळी. गाडी जरा उठून दिसूदे.’’

‘‘दिसायला घेतोस की माल भरायला?’’

‘‘दोन्हीला.’’

मिस्त्री काही बोलत नाहीत. वाकून जुन्या टायरच्या कुशीवरचं माप बोटाने पुसतात आणि वाचून दाखवतात : 215/75 R15. पोराला हवा आहे तो 235/75 R15. कागदावर फरक एका आकड्याचा. प्रत्यक्षात त्याने काय काय बदलतं, हे पुढच्या दोन-तीन तासांत या दुकानात उलगडत जातं.

पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या कुशीची उंची आहे तो, आणि शेवटचा 15 म्हणजे रिमचा व्यास इंचात. म्हणजे 215 च्या 75 टक्के, साधारण 161 मिलिमीटर, खाली आणि वर, अधिक मधलं 381 मिलिमीटरचं रिम : एकूण उंची 703 मिलिमीटरच्या थोडी वर. हाच हिशेब 235 ला लावला की 733 च्या वर. चाक तीन सेंटिमीटरने वाढलं. पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे दीड सेंटिमीटर. सड्यावरच्या कच्च्या वाटेत मधला उंचवटा डिफरन्शियलला घासतो, ती घासण थांबवायला दीड सेंटिमीटर कधी पुरतो, कधी नाही. गाडी ‘उठून’ दिसते ती उंचीपेक्षा रुंदीमुळे, असं मिस्त्रींचं मत. आणि ते बरोबर आहे.

चाक काढण्याचं काम वाटतं तितकं सरळ नसतं, निदान किनाऱ्यावर तरी नाही. ही गाडी पावसाळा संपला की मिरकरवाड्याहून मासळीही वाहते. क्रेटमधल्या बर्फाचं पाणी हौद्यातून गळतं, मागच्या चाकांवर येतं, आणि ते पाणी खारट असतं. मागचे नट गंजून बसलेत. व्हील पान्याला लांब पाइप लावून, त्यावर दुकानातल्या पोऱ्याला उभं करून एकेक नट ‘कट्ट’ आवाज करत सुटतो. हे सगळं चाक जमिनीवर असतानाच करायचं. जॅकवर चढवलेल्या गाडीला असा हिसका दिला तर गाडी खाली यायची. जॅकखाली फळीही हवीच, कारण दुकानासमोरची जांभ्याची जमीन वरून कितीही घट्ट दिसली तरी वजन पडलं की दबते.

चाक निघाल्यावर मिस्त्री आधी टायरकडे बघत नाहीत. हबवर जिथे डिस्क टेकते ती जागा तारेच्या ब्रशने खरवडतात. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क सपाट बसत नाही, नट आज घट्ट वाटतो आणि पापुद्रा चिरडला गेला की शंभर किलोमीटरवर सैल होतो. मग टायर मशीनवर जातो. कड दाबून रिमपासून सोडवली जाते, साबणाचं पाणी लावून सळईने टायर उपसला जातो. रिमच्या आतल्या कडेलाही गंजाचे फोड आहेत. ट्यूबलेस टायरला हेच भोवतं. खिळा न लागता रोज थोडी थोडी हवा जाते, आणि चालक पंक्चर शोधत बसतो.

इथे मिस्त्री पट्टी घेऊन रिमची रुंदी मोजतात आणि मान हलवतात. साडेपाच इंच. 215 च्या टायरला साडेपाच ते सात इंची रिम चालते. 235 ला किमान सहा इंच लागते. अरुंद रिमवर रुंद टायर बसतो जरूर, हवा भरली की दिसतोही भरदार. पण त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि नक्षी मधूनच झिजते. वळणावर टायर रिमवर डुलतो. परशुराम घाटाच्या किंवा आंबा घाटाच्या वळणावर, मागे दीड टन माल असताना, हे डुलणं स्टिअरिंगला कळतं.

मग रिमही बदला, हे उत्तर पोराच्या तोंडावर तयारच असतं. बाजारात रुंद, चकचकीत अलॉय मिळतात. त्यात बोल्टच्या गोलाचं माप जुळलं पाहिजे, मधलं भोक हबवर नेमकं बसलं पाहिजे, आणि चाक बाहेरच्या बाजूला फार सरकता कामा नये. चाक बाहेर आलं की हबच्या बेअरिंगवर तिरका भार पडतो. शिवाय पावसाळ्यात सगळा लाल चिखल थेट दारांवर. काही जण हब आणि डिस्कच्या मध्ये स्पेसर घालून काम भागवतात. माल वाहणाऱ्या गाडीत तो उद्योग करूच नये.

आता मुख्य मुद्दा, आणि तो टायरच्या कुशीवर सगळ्यात बारीक अक्षरात छापलेला असतो. मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर येतं : 105एस. यातला 105 म्हणजे टायर किती वजन पेलेल त्याची खूण. ठरलेल्या तक्त्यात 100 म्हणजे 800 किलो, 105 म्हणजे 925, 112 म्हणजे 1120. ‘एस’ ही वेगमर्यादा, ताशी 180 किलोमीटर. पिकअपवाल्याला ‘एस’शी काही देणंघेणं नाही, 105 शी आहे. पोराला आवडलेला 235 चा टायर मुळात एसयूव्हीसाठी बनवलेला, 925 किलोचा. आता हिशेब करा. गाडीचं रिकामं वजन सतराशे किलो धरू आणि माल तेराशे किलो. एकूण तीन टन. भरलेल्या पिकअपमध्ये यातला साधारण दोन तृतीयांश भार मागच्या दोन चाकांवर येतो. म्हणजे एकेका चाकावर हजार किलो. 925 चा टायर तिथे कमी पडतो, आणि तोही माल कागदावरचा भरला तर. चिरेखाणीवरून चिरे भरताना कागद कोण बघतं, हे लांजा-राजापूरकडच्या वाचकांना सांगायला नको.

रुंद दिसणारा टायर जास्त वजन घेईल, ही समजूत इतकी पक्की आहे की ती मोडायला मिस्त्रींना दोन टायर शेजारी ठेवावे लागतात. एक पोराने निवडलेला एसयूव्हीचा, दुसरा जास्त वजनाच्या पिकअपला बऱ्याचदा येतो तो 7.00 R15, एलटी म्हणजे लाइट ट्रक प्रकारचा. दुसरा अरुंद आहे आणि उंचीला पाऊण मीटरच्या आसपास. पण त्याच्या कुशीवर अंगठा दाबला तर ती दबत नाही. आतले थर जास्त ताकदीचे, हवा जास्त दाबाची. भार टायरचं रबर पेलत नाही, आतली हवा पेलते; आणि तेवढा दाब सहन करायची ताकद कुशीत असावी लागते. एसयूव्हीच्या टायरची कुशी गादीसारखी, प्रवाशांच्या सोयीची. माल लादला की ती प्रत्येक फेऱ्यात वाकते, वाकून तापते, आणि उन्हात तापलेल्या काँक्रीटवर शंभर-दीडशे किलोमीटर गेल्यावर कधीतरी फाटते.

काँक्रीटवरून आठवलं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दशकाहून जास्त रखडलं. त्या खड्ड्यांनीच इथल्या चालकांना जाड नक्षीच्या, मोठ्या टायरची चटक लावली. आता जिथे रस्ता पूर्ण झाला आहे तिथे काँक्रीट आहे, आणि चिखलासाठी केलेली जाड ठोकळ्यांची नक्षी काँक्रीटवर घोंघावते आणि भराभर झिजते. ओल्या रस्त्यावर या ठोकळ्यांची पकडही साध्या नक्षीपेक्षा कमी. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे ही बाब किरकोळ नाही.

तरीही समजा, मापात बसणारा, वजन पेलणारा मोठा टायर मिळाला. तेवढ्यावर भागत नाही. चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठं झालं की इंजिनाची ओढ तेवढ्याच टक्क्यांनी कमी पोचते. सपाटीवर हे जाणवतही नाही. आंबा घाट चढताना मात्र ज्या चढाला दुसरा गिअर पुरत होता तिथे पहिला टाकावा लागतो, क्लच जास्त वेळ अर्धा दाबून धरला जातो आणि लवकर जळतो. उतरताना त्याहून वाईट. गिअरमध्ये गाडी धरून ठेवण्याची इंजिनाची ताकदही कमी पोचते, आणि ब्रेकला मोठं चाक थांबवायला जास्त जोर लागतो. मोठ्या चाकाची चर्चा नेहमी चढाची होते. धोका उतारावर असतो.

मीटरही फसवतो. काटा 60 दाखवत असेल तेव्हा गाडी साडेबासष्टने चाललेली असते. किलोमीटरही कमी नोंदले जातात : गाडी 500 किलोमीटर गेली तर मीटरवर 480 च. मोठे टायर टाकल्यावर ‘अ‍ॅव्हरेज पडला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींचा अ‍ॅव्हरेज मीटरनेच पाडलेला असतो, असं मिस्त्री हसत सांगतात. ऑइल बदलायची वेळही तितकीच पुढे ढकलली जाते.

मोठं चाक नीट बसवायचं तर काय लागतं, हे आइसलँडमध्ये दिसतं. तिथे बर्फावरून जाण्यासाठी टोयोटा हायलक्स पिकअपला 38 इंची टायर लावतात. आर्क्टिक ट्रक्स ही तिथली कंपनी हे काम 1990 पासून करते. पण ते लोक नुसते टायर चढवून मोकळे होत नाहीत. बॉडीची चाकावरची कमान कापून मोठी करतात, गाडीची उंची वाढवतात, डिफरन्शियलमधले गिअर बदलतात आणि मीटर नव्याने जुळवतात. मोठं चाक म्हणजे एवढं सगळं काम. आपल्याकडे चार टायरच्या बिलात ते उरकायचं असतं.

दुकानात आता जोडून बघण्याची वेळ आली आहे, कारण पोराचं समाधान झालेलं नाही. मिस्त्री एक 235 चा टायर पुढच्या डाव्या बाजूला तात्पुरता बसवतात. टायरच्या खांद्यावर खडू घासतात आणि पोराला स्टिअरिंग आधी उजवीकडे, मग डावीकडे शेवटपर्यंत फिरवायला सांगतात. आतल्या मडगार्डवर पांढरा ओरखडा उमटतो. गाडी रिकामी असताना हे, तर भरलेली गाडी खड्ड्यात आपटल्यावर काय होईल ते बोलायला लागत नाही. मग स्टेपनी. ती हौद्याखाली साखळीने टांगलेली असते. तिथे नव्या मापाचं चाक नीट बसत नाही. आणि स्टेपनी जुन्या मापाची ठेवली, तर मागे पंक्चर झाल्यावर एका बाजूला लहान, एका बाजूला मोठं चाक लावून वाशीपर्यंत जायचं. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत फिरत राहणार, तापणार.

राहिला कायदा. खासगी गाडीवाल्याने मोठे टायर टाकले तर फार कोणी विचारत नाही, म्हणून पिकअपवालेही निर्धास्त असतात. पण मालवाहू गाडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या नोंदणीच्या अर्जातच कंपनीने ठरवलेले टायर किती, कोणत्या मापाचे, किती प्लाय रेटिंगचे (म्हणजे थरांच्या ताकदीचे), हे प्रत्येक एक्सलनुसार लिहावं लागतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, मालकाने बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालवाहू गाडीला ठरावीक काळाने फिटनेससाठी आरटीओकडे जावंच लागतं, आणि अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी टायर बघतो.

शेवटी पोराने घेतले ते जुन्याच मापाचे, पण एलटी प्रकारचे, जास्त वजनाच्या आकड्याचे. चेहरा जरा उतरला होता. मिस्त्रींनी आधी टायरवरची उत्पादनाची तारीख दाखवली. चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मग हवा भरली. कड रिमवर बसताना एकदा, मग दुसऱ्या बाजूने, ‘ठप्प’ असा आवाज झाला. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवून शिशाचे तुकडे ठोकले. नट एक सोडून एक, आडवे-तिडवे आवळले. गाडी खाली उतरवून पुन्हा आवळले. अलायन्मेंटला अर्धा तास गेला.

तुम्हीही हंगामाआधी टायर घ्यायला जाणार असाल, तर गाडीचं आरसी आणि कंपनीचं पुस्तक सोबत न्या. माप तेच ठेवा. पैसे खर्चायचेच असतील तर ते वजनाच्या आकड्यावर खर्चा आणि पाचवा टायरही त्याच मापाचा घ्या. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर कायद्यानेही टायर बाद ठरतो, पण आपल्याकडच्या पावसात तोवर थांबू नका. आणि नवे टायर लावल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट परत एकदा आवळून घ्या. पैसे पडत नाहीत, पाच मिनिटं लागतात.