कोट तोच, चेहरा नवा : चित्रपटातील सुपरहिरो मालिकेत येतो तेव्हा

२८ जून २००६ रोजी अमेरिकेतील स्पाइक या केबल वाहिनीवर ‘ब्लेड : द सिरीज’ या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. तो पाहावयास बसलेल्या प्रेक्षकाला ओळखीच्या बहुतेक खुणा सापडल्या. पायघोळ काळा चामडी कोट होता, रात्रीही न उतरणारा काळा चष्मा होता, तलवार होती आणि रक्तपिपासू व्हॅम्पायरांच्या टोळ्याही होत्या. अनोळखी होता तो चेहरा. तीन चित्रपटांतून ज्याने ब्लेड उभा केला त्या वेस्ली स्नाइप्सच्या जागी किर्क जोन्स, म्हणजेच ‘ऑनिक्स’ या रॅप गटातील स्टिकी फिंगाझ, उभा होता. मालिका १३ भाग चालली आणि सप्टेंबरमध्ये संपली.

चित्रपटातून छोट्या पडद्यावर येताना सुपरहिरोचा चेहरा बदलणे ही त्या काळात अपवादात्मक गोष्ट नव्हती, किंबहुना तोच शिरस्ता होता. त्यामागे कलेपेक्षा हिशेब अधिक असे. चित्रपटातील तारा काही महिने चित्रीकरणाला देतो आणि पुढच्या कामाला मोकळा होतो. अमेरिकी मालिकेचा एक हंगाम त्या वेळी साधारणतः १३ ते २२ भागांचा असे आणि नायकाला त्यासाठी वर्षातला मोठा काळ जवळजवळ रोज कॅमेऱ्यापुढे उभे राहावे लागे. शिवाय वाहिनी पहिला भाग चित्रित करण्यापूर्वीच कलावंताकडून पुढील अनेक वर्षांची हमी लिहून घेते. मालिका चालली तर कलावंत बांधलेला, पडली तर वाहिनी मोकळी, असा हा एकतर्फी वाटावा असा करार असतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे बंधनकारक ठरत नाही. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलँड हिने १९४० च्या दशकात वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध जिंकलेल्या खटल्याने ही मर्यादा पक्की केली. पण ज्याला दरवर्षी चित्रपट मिळत आहेत, तो तारा सात सोडा, तीन वर्षेही कशाला बांधून घेईल? आणि घेतलीच तर त्याचे मानधन केबल वाहिनीच्या खिशाला परवडणारे नसते.

पात्राची मालकी मात्र ताऱ्याकडे नसते. ती चित्रकथेच्या प्रकाशकाकडे किंवा त्याने हक्क विकलेल्या चित्रसंस्थेकडे असते. कोट, तलवार, नाव, शत्रू या साऱ्यांवर मालकाचा हक्क चालतो. नटाचा आवाज, चाल आणि नजर एवढेच त्याला विकत ठेवता येत नाही. ब्लेडच्या बाबतीत नेमके हेच उरलेले सर्वांत मोलाचे निघाले.

ब्लेड हे पात्र मार्व्ह वुल्फमन आणि जीन कोलन यांनी १९७३ मध्ये ‘द टूम ऑफ ड्रॅक्युला’ या चित्रकथेत दुय्यम भूमिकेत आणले होते. १९९८ चा चित्रपट येईपर्यंत चित्रकथांच्या वाचकांबाहेर त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून केलेल्या त्या चित्रपटाने जगभरात १३ कोटींहून अधिक डॉलर मिळवले, आणि मार्व्हलच्या पात्रांवर मोठ्या पडद्यावर पैसा उभा राहू शकतो हे ‘एक्स-मेन’च्या दोन वर्षे आधी दाखवून दिले. म्हणजे सुपरमॅनसारखे हे घराघरांत आधीच पोहोचलेले पात्र नव्हते. प्रेक्षकाच्या लेखी ब्लेड म्हणजे स्नाइप्स. लहानपणापासून युद्धकलेचे शिक्षण घेतलेल्या या नटाच्या हालचालींत जी शिस्त आणि मितभाषी मग्रुरी होती, तिच्यातूनच पात्राचा स्वभाव घडला होता. कागदावरचा ब्लेड त्यामानाने फिकाच म्हणावा लागेल.

तिसऱ्या चित्रपटानंतर संबंध बिघडले. २००४ च्या ‘ब्लेड : ट्रिनिटी’मध्ये दोन तरुण साहाय्यक पात्रांना बरेच महत्त्व मिळाले. पुढच्या वर्षी स्नाइप्सने मानधन आणि निर्मितीतील निर्णयांवरून चित्रसंस्था न्यू लाइन आणि दिग्दर्शक डेव्हिड गॉयर यांच्याविरुद्ध न्यायालयात दावा लावला. तिन्ही चित्रपटांचे लेखन गॉयर यांचेच होते आणि मालिकेच्या निर्मितीतही तेच अग्रभागी होते. अशा स्थितीत स्नाइप्स मालिकेत येण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

नवा नट घेताना निर्मात्यांनी काय केले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. गॉयर आणि चित्रकथालेखक जेफ जॉन्स यांनी कथेचा भार ब्लेडच्या खांद्यावरून अलगद उतरवून क्रिस्टा स्टार या नव्या पात्राकडे दिला. इराकच्या युद्धातून परतलेली ही तरुणी आपल्या जुळ्या भावाच्या मृत्यूचा शोध घेत डेट्रॉइटमधील व्हॅम्पायरांच्या घराण्यापर्यंत पोहोचते, स्वतः व्हॅम्पायर बनवली जाते आणि त्यांच्यातच राहून ब्लेडसाठी हेरगिरी करते. जिल वॅग्नरने साकारलेल्या या भूमिकेत द्विधा मनःस्थिती, व्यसन, विश्वासघात, सारे काही होते. मालिकेला लागणारे इंधन तिच्याकडे होते. ब्लेड मात्र प्रसंगी अवतरून मारामारी करी आणि मोजके बोलून निघून जाई. तुलनेपासून नव्या नटाला वाचवण्याचा हा व्यवहारी उपाय होता, पण त्याची किंमत त्या नटालाच मोजावी लागली. ज्याच्या नावाची मालिका त्यालाच आपला वेगळा ब्लेड घडवण्यास फारशी जागा राहिली नाही. स्टिकी फिंगाझ कमी पडला, असे सर्रास म्हटले जाते. त्याला जुन्या नटाचे कपडे आणि जुन्या नटाचे मौन एवढेच देण्यात आले होते, ही गोष्ट त्या निवाड्यात सहसा धरली जात नाही.

भूमिकेतील बदल मराठी प्रेक्षकाला परका नाही. दि गोवा हिंदु असोसिएशनने १९७० मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ‘नटसम्राट’मध्ये डॉ. श्रीराम लागू यांचे अप्पा बेलवलकर गाजले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी ती भूमिका केली आणि प्रेक्षक ‘यांचा नटसम्राट कसा आहे’ हे पाहण्यासाठी पुन्हा तिकीट काढत राहिला. रंगभूमीवर कालचा प्रयोग काल संपलेला असतो. त्याची आठवण उरते आणि आठवण थोडी जागा देते. चित्रपटाचे तसे नसते. मालिकेचा भाग संपल्यावर त्याच संचावर दुसऱ्या वाहिनीवर जुना चित्रपट चालू असू शकतो. मूळ नट तिथे जसाच्या तसा, न थकलेला, न म्हातारा झालेला दिसतो. नव्या नटाची स्पर्धा या गोठवलेल्या प्रतिमेशी असते.

ही स्पर्धा सर्वांत अवघड कोणाच्या वाट्याला आली असेल तर ती मार्क डाकास्कॉसच्या. ‘द क्रो’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात ३१ मार्च १९९३ रोजी बंदुकीच्या अपघातात ब्रँडन ली मरण पावला. चित्रपट १९९४ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मरणातून परत येणाऱ्या एरिक ड्रेव्हनच्या भूमिकेत प्रेक्षक एका खरोखर मृत तरुणाला पाहत होते. दुसऱ्या चित्रपटाच्या निर्मात्यांनी १९९६ मध्ये नवा नट घेताना पात्रही नवे घेतले. १९९८ च्या ‘द क्रो : स्टेअरवे टू हेवन’ या मालिकेने मात्र पुन्हा एरिक ड्रेव्हनच आणला. डाकास्कॉस युद्धकलेत निष्णात, चेहऱ्यावर पांढरा-काळा रंग, त्यामुळे दृश्य साम्य साधणे कठीण नव्हते. खरी अडचण कथेत होती. चित्रपटातील एरिक सूड घेण्यासाठी येतो आणि सूड पुरा होताच जातो. मालिकेतील नायकाला जाऊन कसे चालेल? म्हणून सूडाच्या जागी प्रायश्चित्त आले. प्रिय शेलीशी परलोकात भेट होण्यासाठी त्याने जगात राहून चांगली कामे करावीत, अशी योजना झाली. त्यामुळे नायक अधिक सौम्य, अधिक बोलका झाला. प्रेक्षकाला नट बदलल्याचे चटकन दिसते, पण अनेकदा त्याच नावाखाली माणूसच दुसरा लिहिलेला असतो. ती मालिका २२ भागांनंतर थांबली. तिच्यामागची पॉलिग्रॅम ही कंपनी त्याच सुमारास विकली गेली होती.

बदल नेहमीच तोट्याचा ठरतो असे नाही. २००५ च्या ‘कॉन्स्टंटाइन’ चित्रपटात किआनू रीव्ह्ज काळ्या केसांचा आणि लॉस एंजेलिसमध्ये राहणारा होता. चित्रकथेतील जॉन कॉन्स्टंटाइन लिव्हरपूलचा, सोनेरी केसांचा, मळकट कोट घालणारा इंग्रज. २०१४ मध्ये एनबीसी वाहिनीने मालिका केली तेव्हा वेल्सच्या मॅट रायनला घेतले आणि पात्र मूळ स्वरूपाकडे परतले. (या मालिकेच्या जडणघडणीतही गॉयर होतेच, ब्लेडच्या अनुभवातून ते काही शिकले असावेत असे मानायला जागा आहे.) मालिका १३ भागांत बंद झाली, पण रायनने तीच भूमिका पुढे ‘अ‍ॅरो’ आणि ‘लेजंड्स ऑफ टुमॉरो’ या दुसऱ्या मालिकांत केली. नव्या नटाच्या हाती मूळ ग्रंथाचा आधार असेल तर तुलना चित्रपटाशी न होता त्या ग्रंथाशी होते, आणि तिथे तो जिंकू शकतो.

डेअरडेव्हिलचे उदाहरण याहून ठळक. २००३ च्या चित्रपटातील बेन अ‍ॅफ्लेकनंतर २०१५ मध्ये नेटफ्लिक्सने चार्ली कॉक्सला आणले. मधल्या बारा वर्षांत चित्रपटाचे हक्क फॉक्सकडून मार्व्हलकडे परतले होते आणि जुन्या चित्रपटाचा मोह कोणालाच नव्हता. पहिल्या हंगामात जवळजवळ शेवटपर्यंत कॉक्स साध्या काळ्या फडक्याने डोळे झाकून वावरतो. ओळखीचा लाल पोशाख त्याला अखेरच्या भागात मिळतो. ब्लेडमध्ये जे उलट झाले होते ते इथे नीट झाले. आधी माणूस दाखवला, पोशाख नंतर. तीन हंगामांनंतर मालिका बंद झाली तरी २०२१ च्या ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’मध्ये मोठ्या पडद्यावर डेअरडेव्हिलचा पेशा असलेला वकील आला, तो कॉक्सच होता.

त्याच वर्षापासून मार्व्हलने धोरणही बदलले. ‘वांडाव्हिजन’मध्ये एलिझाबेथ ओल्सन आणि ‘लोकी’मध्ये टॉम हिडलस्टन हे चित्रपटांतीलच कलावंत मालिकेत आले. सहा ते नऊ भागांचा आटोपशीर हंगाम आणि चित्रपटाच्या तोडीचा खर्च यामुळे ताऱ्यांना ते शक्य झाले. तरीही ‘व्हॉट इफ...?’ या अ‍ॅनिमेशन मालिकेत टोनी स्टार्क आणि स्टीव्ह रॉजर्स यांना आवाज देण्यासाठी दुसरे कलावंत घ्यावे लागले.

ब्लेडसाठी २०१९ मध्ये महेर्शाला अली याचे नाव सॅन दिएगोत जाहीर झाले. २०२१ च्या ‘इटर्नल्स’च्या शेवटी त्याचा केवळ आवाज ऐकू आला, चित्रपटाच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या. जुलै २०२४ मध्ये ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ प्रदर्शित झाला तेव्हा पडद्यावर तोच काळा कोट घालून साठी ओलांडलेला वेस्ली स्नाइप्स आला. मार्व्हलचे पात्र सर्वाधिक काळ साकारणारा प्रत्यक्ष नट म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद केली. त्या सुमारे २६ वर्षांच्या हिशेबात २००६ चा तो उन्हाळाही धरलेला आहे, ज्यात तो कोट स्टिकी फिंगाझच्या अंगावर होता.