संकेतस्थळाचा वेष

मालवण तालुक्यातील 'कट्टा' ह्या गावाचे नाव कागदावर लिहून पाहा. त्यातला 'क' सर्वजण सारखाच काढतील. 'ट्टा' मात्र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. कोणी एका 'ट'च्या खाली दुसरा 'ट' मांडतात, तर कोणी पहिल्या 'ट'चा पाय मोडून शेजारी दुसरा 'ट' लिहितात. लिहिण्याची तऱ्हा बदलली म्हणून गाव बदलत नाही आणि नावाचा उच्चारही बदलत नाही. शब्द ही एक गोष्ट आणि शब्दाचे दिसणे ही दुसरी. हा भेद अगदी साधा वाटतो, पण आजची बहुतेक संकेतस्थळे ह्याच भेदाच्या पायावर उभी आहेत.

समजा, कट्ट्याच्या परिसरातील एखाद्या शाळेने स्वतःचे संकेतस्थळ काढले. त्यावर शाळेतील पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी आहेत, आसपासच्या झाडांची व पक्ष्यांची यादी आहे, घरोघरच्या आजी-आजोबांकडून गोळा केलेले मालवणी शब्द आहेत. दोन-तीन वर्षांत हा संग्रह चांगला वाढला. मग कोणाच्या तरी मनात आले, की संकेतस्थळ जुनाट दिसते, त्याचे रूप पालटावे. एका विद्यार्थ्याने त्यासाठी बाहेरून एक 'थीम' मिळविली. ती बसवावयाची कशी? आणि बसविताना त्या साऱ्या नोंदींना धक्का तर लागणार नाही ना? हे दोन प्रश्न दिसतात वेगवेगळे, पण त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे.

मजकूर कोठे आणि वेष कोठे?

पुष्कळशी संकेतस्थळे 'वर्डप्रेस' नावाच्या मजकूर-व्यवस्थापन प्रणालीवर चालतात. मॅट मुलेनवेग व माइक लिटल ह्या दोघांनी २००३ साली ती सुरू केली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. तिचे तीन भाग ध्यानात ठेवले, की पुढचे सारे सोपे होते.

पहिला भाग म्हणजे माहितीसाठा. आपण लिहिलेला प्रत्येक लेख, त्याचे शीर्षक, तारीख व लेखकाचे नाव त्यात तक्त्यांच्या रूपाने साठविलेले असते. दुसरा भाग म्हणजे प्रणालीच्या मूळ आज्ञावल्या. साठ्यातून हवा तो लेख शोधून काढणे हे त्यांचे काम. तिसरा भाग म्हणजे थीम. शीर्षक किती मोठे असावे, मजकूर कोणत्या रंगात यावा, बाजूला यादी असावी की नसावी, हे ती ठरविते. वाचकाने पान मागितले, की हे तिन्ही भाग एकत्र येऊन ते पान त्या क्षणी तयार होते. तयार पान सहसा कोठे ठेवलेले नसते.

आपल्याकडील दशावतारात नट आणि त्याचा वेष ह्या दोन वस्तू असतात. वेष पेटाऱ्यात ठेवला म्हणून नट नाहीसा होत नाही. थीमचे तसेच आहे. दृष्टान्त मात्र येथेच थांबवावा. कारण वेष बदलल्यावर नट आपले भाषणही बदलतो, आणि संकेतस्थळाने तसे मुळीच करता कामा नये.

मजकूर व रूप वेगळे ठेवण्याची ही कल्पना वर्डप्रेसच्या आधीची आहे. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' ह्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत काम करताना हाकोन व्हिउम ली ह्यांनी १९९४ साली सुचविले, की पानाच्या रूपाविषयीच्या सूचना मजकुरात न मिसळता स्वतंत्र कागदावर लिहाव्यात. त्या पद्धतीला 'सीएसएस' म्हणतात. १९९६ च्या डिसेंबरात तिचे पहिले अधिकृत मानक आले. वर्डप्रेसमध्ये थीमची सोय फेब्रुवारी २००५ मधील १.५ ह्या आवृत्तीपासून झाली.

शब्द जेव्हा वेषाला चिकटले होते

हा भेद पाळला नाही तर काय होते, ह्याचा अनुभव मराठीने घेतलेला आहे. 'कृतिदेव' किंवा 'शिवाजी' यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलिखित केलेला मजकूर वरून मराठी दिसे; पण संगणकाच्या आत तो मराठी नसे. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिले, की संगणक प्रत्यक्षात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे साठवी. फाँट फक्त त्या अक्षरांना र, काना आणि म यांचे सोंग देई. तो फाँट ज्या संगणकावर नसेल, तेथे 'राम' नाहीसा होऊन 'जेकेई' असे निरर्थक काहीतरी उमटे. जुन्या धारिका उघडल्या म्हणजे आजही हा प्रकार दिसतो. शब्द आणि त्याचा वेष ही एकच वस्तू झाली होती. म्हणून वेष काढताच शब्दही गेला.

युनिकोडने ही गाठ सोडविली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. 'कट्टा' हा शब्द २३२५, २३३५, २३८१, २३३५, २३६६ असा साठविला जातो. म्हणजे क, ट, हलन्त, ट आणि काना. 'ट'खाली 'ट' काढावयाचा की पाय मोडावयाचा, हे फाँटाने ठरवावे. क्रमांक तेच राहतात. म्हणून आपल्या कल्पित शाळेचा मजकूर युनिकोडमध्ये असला, की थीम कितीही वेळा बदलली तरी चालेल. तो जुन्या फाँटात असला, तर आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि मगच थीमचा विचार करावा.

बसविण्याची कृती

थीम म्हणजे एक फोल्डर. त्यात 'स्टाइल डॉट सीएसएस' नावाची एक धारिका असावीच लागते. तिच्या आरंभी थीमचे नाव लिहिलेले असते. पेटाऱ्यावरील नावाची चिठ्ठीच म्हणा ना! प्रणाली ही चिठ्ठी वाचूनच थीम ओळखते. बाकीच्या धारिकांत पानाचे साचे असतात. हे फोल्डर 'झिप' पद्धतीने बांधून एकच गठ्ठा केलेला असतो.

प्रत्यक्ष कृती अशी. प्रथम माहितीसाठ्याची व सर्व धारिकांची प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. विजेचा आणि दूरध्वनी-जाळ्याचा पावसाळ्यात भरवसा नसतो अशा भागात तर ही पायरी कधीही गाळू नये. मग व्यवस्थापनाच्या पानावर 'अपिअरन्स' आणि त्याखालील 'थीम्स' येथे जावे. नवी थीम जोडण्याची व अपलोड करण्याची कळ दाबून झिपचा गठ्ठा निवडावा व 'इन्स्टॉल' म्हणावे. एवढ्याने थीम योग्य त्या फोल्डरात उतरते, पण अजून लागू होत नाही. पूर्वदर्शन पाहून समाधान झाले, म्हणजे 'ॲक्टिव्हेट'ची कळ दाबावी. बसविणे आणि लागू करणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत, हे नवख्याच्या ध्यानात लवकर येत नाही.

अडचणी आणि त्यांची कारणे

'स्टाइल डॉट सीएसएस' सापडत नाही, अशा अर्थाचा संदेश येणे ही नवख्यांची नेहमीची अडचण होय. बहुधा थीम बिघडलेली नसते. विकत घेतलेल्या थीमच्या गठ्ठ्यात माहितीपुस्तिका, परवाना, नमुन्याची चित्रे आणि खऱ्या थीमचा आणखी एक छोटा गठ्ठा असे सारे एकत्र बांधलेले असते. प्रणाली वरच्या थरात चिठ्ठी शोधते आणि चिठ्ठी असते आतल्या गठ्ठ्यात. मोठा गठ्ठा आपल्या संगणकावर सोडून आतला गठ्ठा तेवढा चढविला, की काम होते.

दुसरी अडचण आकाराची. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिले आहे, तिच्यात चढविण्याच्या धारिकेची मर्यादा मुळात २ मेगाबाइट ठेवलेली असते. सर्व्हर चालविणारे ती वाढवू शकतात. पण जेथे वाढविलेली नाही तेथे ५ मेगाबाइटची थीम परत येते. हा दोष थीमचा नव्हे आणि आपलाही नव्हे.

तिसरी अडचण सर्वांत घाबरविणारी. थीम लागू केली आणि संकेतस्थळ कोरे पांढरे झाले! मजकूर गेला असे वाटते, पण तो साठ्यात जसाच्या तसा असतो. पान जुळविणारी आज्ञावली मध्येच थांबलेली असते. मे २०१९ मधील ५.२ ह्या आवृत्तीपासून प्रणाली अशा वेळी व्यवस्थापकाला ई-पत्राने दुरुस्तीचा दुवा पाठविते. तेही साधले नाही, तर सर्व्हरवरील त्या थीमच्या फोल्डरचे नाव बदलावे. प्रणालीला ती थीम सापडेनाशी होते आणि व्यवस्थापनातील थीमच्या पानावर गेल्यावर ती आपल्या मूळच्या थीमकडे वळते. मूळ थीम कधी पुसून टाकू नये, ती ह्यासाठीच.

देवनागरीची परीक्षा

बऱ्याच थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या असतात. म्हणून पूर्वदर्शनात तीन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. शीर्षकाच्या अक्षरांत जास्तीचे अंतर दिलेले असले, तर रोमन अक्षरे ऐटदार दिसतात. आपली शिरोरेघ मात्र तुकड्या-तुकड्यांनी तुटते. ओळींमधील अंतर कमी असले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. आणि थीमच्या फाँटात देवनागरी अक्षरेच नसली, तर ब्राउझर त्या जागी स्वतःजवळचा दुसरा फाँट घालतो, मग रोमन आणि देवनागरी अक्षरे विजोड दिसतात. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या संस्थेने तयार केलेला 'मुक्त' हा दोन्ही लिप्या असलेला फाँट विनामूल्य मिळतो.

थीमचे वजनही पाहावे. भपकेदार थीममुळे एक पान ३ मेगाबाइटचे झाले असे समजा. ८ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून हे २४ मेगाबिट झाले. सेकंदाला १ मेगाबिट अशा संथ जोडणीवर ते उघडण्यास निदान २४ सेकंद लागतील. तेच पान ३०० किलोबाइटचे असते, तर अडीच सेकंदांच्या आत उघडले असते. डोंगराआडच्या वाडीत मोबाइलवर वाचणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

फुकटचा पेटारा

थीम म्हणजे नुसता रंग नव्हे. तिच्यातील 'फंक्शन्स डॉट पीएचपी' ही धारिका म्हणजे सर्व्हरवर चालणारी आज्ञावली. ती साठा वाचू शकते, बदलू शकते, नवा व्यवस्थापकही नेमू शकते. म्हणूनच विकाऊ थीमच्या चोरट्या प्रती फुकट वाटणाऱ्यांपासून दूर राहावे. २०१७ साली उजेडात आलेली 'डब्ल्यूपी-व्हीसीडी' ही घातक आज्ञावली अशाच चोरट्या थीम व जोड-आज्ञावल्यांतून पसरली. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातील थीम विनामूल्य असतात आणि तेथे प्रवेश मिळण्यापूर्वी त्यांची तपासणी होते. नवख्याने तेथूनच आरंभ करावा.

आणखी एक पथ्य. थीममध्ये स्वतः बदल करावयाचे असतील, तर ते मूळ धारिकांत करू नयेत. नवी आवृत्ती येताच ते पुसले जातात. त्यासाठी 'चाइल्ड थीम' नावाचे दुसरे लहान फोल्डर करतात. त्याच्या चिठ्ठीवर मूळ थीमच्या फोल्डराचे नाव लिहितात. बदल तेवढे ह्यात राहतात, बाकी सारे मूळ थीममधून येते.

खरी कसोटी

काही थीम मजकुराच्या मध्येच स्वतःच्या खुणा चौकटी कंसांत पेरतात. ती थीम चालू आहे तोवर पान देखणे दिसते. ती उतरविली, की त्या कंसांचे अर्थ समजणारे कोणी उरत नाही आणि पानभर निरर्थक खुणा दिसू लागतात. कृतिदेवची जुनी गोष्ट येथे नव्या रूपात पुन्हा घडते. म्हणून थीम चढविण्यापूर्वी ती उतरविता येईल का, हे पाहावे. एक-दोन लेख नव्या थीममध्ये लिहावेत, मग मूळ थीम लागू करून तेच लेख वाचावेत. मेनू किंवा बाजूच्या याद्या पुन्हा मांडाव्या लागल्या तर हरकत नाही; लेखाचे शब्द स्वच्छ राहिले पाहिजेत. दहा वर्षांनी त्या शाळेच्या पावसाच्या नोंदी कोणी अभ्यासाला घेतल्या, तर आजच्या थीमचा रंग त्याला नको असेल. कोणत्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस झाला, एवढेच तो शोधील.

करून पाहा

(१) संगणकावर मराठी विकिपीडियावरील कोणताही लेख उघडा. त्याच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, मग 'यूजस्किन' हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि 'मोनोबुक' हा शब्द, असे सारे इंग्रजी लिपीत, जागा न सोडता लिहा. तोच लेख निराळ्या वेषात दिसेल. दोन्ही पानांतील एक परिच्छेद शब्दशः ताडून पाहा.

(२) 'कट्टा' हा शब्द संगणकावर तीन वेगवेगळ्या देवनागरी फाँटांत लिहा. 'ट्ट' कोणत्या फाँटात कसा दिसतो, ते वहीत काढा. तिन्ही वेळा दाबलेल्या कळा सारख्याच होत्या का?

(३) 'वर्डप्रेस प्लेग्राउंड' ह्या सोयीने सर्व्हरशिवाय, केवळ ब्राउझरमध्येच एक तात्पुरते संकेतस्थळ उभे करता येते. शिक्षकांच्या मदतीने तेथे एक थीम बसवा, लागू करा आणि उतरवा. तेथे काही बिघडले तरी कोणाचे नुकसान होत नाही.