दमसासाचा हिशेब

११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या बफेलो वेलोड्रोमवर आंरी देग्रांज यांनी तासाभरात ३५ किलोमीटर ३२५ मीटर सायकल हाकली आणि ‘तासाचा विक्रम’ ही सायकलिंगमधली सर्वांत सरळ कसोटी सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंशेनच्या ट्रॅकवर इटलीच्या फिलिप्पो गान्नांनी तोच आकडा ५६ किलोमीटर ७९२ मीटरपर्यंत नेला. या सव्वाशेहून अधिक वर्षांत सायकलस्वाराच्या हाताशी एकामागून एक मोजयंत्रे आली. आधी किलोमीटर मोजले गेले, मग वेग, मग हृदयाचे ठोके, मग वॅट आणि शेवटी उपग्रहावरून रस्त्याचे प्रत्येक वळण. तरीही रविवारी पहाटे घाटाकडे निघणाऱ्या माणसाचा प्रश्न जुनाच आहे : माझा दम वाढतोय का? या सगळ्या काळाचा मागोवा घेतला की माझे मत पक्के होते. एकट्या आकड्याने या प्रश्नाचे उत्तर कधीच दिलेले नाही. शरीराने किती काम केले आणि त्या कामासाठी त्याला किती किंमत मोजावी लागली, हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवल्यावरच दमसास दिसतो. आणि ते दोन्ही एकत्र वाचण्याची सोय सामान्य सायकलस्वाराला मिळून फार वर्षे झालेली नाहीत.

सुरुवातीला राज्य होते अंतराचे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात कर्टिस व्हीडर यांनी १८९५ च्या सुमारास छोटा सायक्लोमीटर बाजारात आणला. चाकाच्या आऱ्याला एक खुंटी बसवायची. चाकाचा एक फेरा पुरा झाला की ती खुंटी आसाजवळच्या दातेरी चक्राला टिचकी मारायची आणि आतली चक्रे सरकत सरकत मैलांचा आकडा पुढे जायचा. याच जातीच्या यंत्रावर सायकलिंगमधला एक थक्क करणारा पराक्रम नोंदला गेला. इंग्लंडच्या टॉमी गॉडविन यांनी १९३९ या एका वर्षात ७५,०६५ मैल, म्हणजे सुमारे १,२०,८०५ किलोमीटर सायकल चालवली. रोजची सरासरी ३३० किलोमीटरच्या वर जाते. मोजयंत्र सीलबंद, शिवाय वाटेत भेटलेल्या साक्षीदारांच्या सह्यांची कार्डे. सप्टेंबरात महायुद्ध पेटले, दिवे झाकून अंधारात चालवायची वेळ आली, तरी गडी थांबला नाही. पुढे २०१६-१७ मध्ये अमेरिकेच्या अमांडा कोकर यांनी ८६,५७३ मैल पूर्ण केले. त्यातले बहुतेक फ्लोरिडातल्या एका उद्यानातल्या, सुमारे सात मैलांच्या सपाट वळशावर, जीपीएसच्या नोंदीसह. दोघांपैकी दम कोणाचा मोठा? मैलांचे आकडे याचे उत्तर देऊ शकत नाहीत. एकाच्या वाट्याला इंग्लंडचा हिवाळा आणि चढउतारांचे रस्ते, दुसरीच्या वाट्याला सपाटी पण फ्लोरिडाची ऊब आणि एकाच वळशाचा कंटाळा. अंतर कापले गेले, ते काय भावात पडले हे यंत्राला ठाऊक नव्हते.

वेगाचा आकडा अंतरापेक्षा शहाणा वाटतो, पण तो अधिक फसवतो. याचा पुरावा एकाच माणसाच्या दोन विक्रमांत आहे. १९९६ मध्ये ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमन यांनी मँचेस्टरच्या ट्रॅकवर, हात समोर ताणून धरलेल्या बैठकीत, तासाला ५६.३७५ किलोमीटर गाठले. नंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने नियम बदलले आणि तासाच्या विक्रमासाठी एडी मर्क्स यांच्या जमान्यातल्या धाटणीचीच सायकल सक्तीची केली. मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत ४९.४३१ किलोमीटर केले होते. २००० साली बोर्डमन त्या जुन्या धर्तीच्या सायकलवर बसले आणि त्यांनी ४९.४४१ किलोमीटर केले, मर्क्स यांच्यापेक्षा फक्त दहा मीटर जास्त. चार वर्षांत वय वाढले, प्रकृतीही पूर्वीची राहिली नव्हती, हे सगळे धरले तरी जवळपास सात किलोमीटरच्या फरकाचा मोठा हिस्सा हवेचा आणि बैठकीचा होता. हवेवर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सपाट रस्त्यावर वारा नसताना ताशी २५ किलोमीटरचा वेग ३० वर न्यायचा तर हवेसाठीचा खर्च सुमारे पाऊणपटीने वाढतो. म्हणून मागून वारा असला, चार जणांच्या आडोशाने चालवले किंवा नुसते कोपर आत घेतले, तरी सरासरी वेग दोन-तीन किलोमीटरने सहज वर जातो आणि दम होता तिथेच असतो. महिन्याच्या सरासरी वेगावर आनंद किंवा दुःख मानणाऱ्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

किंमत मोजण्याची पहिली खरी सोय आली ती हृदयाच्या ठोक्यांमुळे. फिनलंडमधल्या केंपेले गावात १९७७ मध्ये पोलार कंपनी सुरू झाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने छातीच्या पट्ट्यावरून मनगटावर बिनतारी ठोके दाखवणारे यंत्र आणले. तोवर ठोके मोजायचे ते थांबून, मानेवर बोटे ठेवून. चालत्या सायकलवर ठोके दिसू लागले आणि दमसास वाढतो म्हणजे शरीरात नेमके काय होते, याची खिडकी उघडली. आठवडे-महिने सातत्याने, फार धाप न लागता सायकल चालवली की रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर ढकलते, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमधली मायटोकाँड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे घटक, वाढतात. मायटोकाँड्रियांमधला हा बदल जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये धावपट्टीवर पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत दाखवून दिला होता. या सगळ्याचा बाहेरून दिसणारा परिणाम एकच : तेच काम कमी ठोक्यांत होते. अर्थात ठोकेही एकटे पुरेसे नाहीत. रात्रीची झोप, सकाळची कॉफी, मनावरचा ताण, दुपारचे ऊन, सगळ्यांचा त्यांच्यावर परिणाम होतो. ‘२२० वजा वय’ हे सूत्र तर १९७० च्या आसपास उपलब्ध अभ्यासांवरून काढलेला ढोबळ अंदाज होता. दोन समवयस्क माणसांच्या कमाल ठोक्यांत दहा-पंधराचा फरक सहज असतो. त्या सूत्रावर सगळ्या सरावाची आखणी करणारे आजही भेटतात.

दुसरा आकडा आणला उलरिक शोबेरर या जर्मन अभियंत्याने. १९८६ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या एसआरएम पॉवर मीटरची कल्पना साधी होती. क्रँकमध्ये बसवलेले ताणमापक पॅडलवरच्या जोराने धातू किती वाकतो हे टिपतात; तो जोर आणि पॅडल फिरण्याची गती यांच्या गुणाकारातून वॅट निघतात. वारा उलटा असो, चढ असो की कोणाचा आडोसा, दीडशे वॅट म्हणजे दीडशेच वॅट. ग्रेग लेमाँड यांच्यासारखे नामवंत हे यंत्र आरंभीच वापरू लागले, पण त्याची किंमत बरीच वर्षे व्यावसायिक संघांनाच परवडणारी राहिली. ते स्वस्त होत गेले तेव्हा काम आणि किंमत प्रथमच सामान्य माणसाच्या हँडलवर एकत्र आली. जानेवारीत दीडशे वॅटला १५० ठोके पडत होते आणि मार्चमध्ये तेवढ्याच वॅटला, तशाच थंड पहाटे, १३८ पडतात, तर प्रगती झाली यात शंका घेण्याचे कारण उरत नाही. अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांनी याच्याही पुढची कसोटी रूढ केली. दोन-तीन तासांच्या संथ राइडचे दोन भाग करायचे आणि वॅट व ठोके यांचे गुणोत्तर दुसऱ्या भागात किती घसरले ते पाहायचे. घसरण पाच टक्क्यांच्या आत असेल तर पाया भक्कम. माझ्या मते दमसासाचे इतके प्रामाणिक मोजमाप त्याआधी सामान्य सायकलस्वाराला कधी मिळाले नव्हते.

मग उपग्रह आले. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी वापरावर मुद्दाम लादलेली अचूकतेची मर्यादा उठवली, काही वर्षांत गार्मिनचे एज मालिकेतले कॉम्प्युटर हँडलवर चढले आणि २००९ मध्ये राइडच्या नोंदी इतरांशी ताडून पाहण्याचे स्ट्रावा हे अ‍ॅप सुरू झाले. इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खरा आहे : या साधनांनी माणसे सेगमेंटच्या, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावरच्या चढाओढीच्या, मागे लागली, प्रत्येक राइडची शर्यत झाली. दमसासासाठी बहुतेक राइड सोबत्याशी सलग बोलता येईल इतक्या संथ असाव्या लागतात. स्टीफन सायलर यांनी निरनिराळ्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करून दाखवले की त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे सौम्यच असतात. फलकावर नाव झळकवण्याच्या नादात हौशी सायकलस्वार नेमकी हीच सौम्य सत्रे गमावतो. पण यात दोष मोजण्याचा कमी आणि मोजलेला आकडा निवडण्याचा जास्त आहे. सेगमेंटचा फलक पुन्हा एकटा वेगच दाखवतो, म्हणजे १८९३ चाच प्रश्न नव्या पडद्यावर.

महाराष्ट्रात या हिशेबाची कसोटी लागते ती बीआरएममध्ये. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने आखून दिलेल्या या लांब राइड पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांतून नेमाने होतात : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. थांबे धरून ताशी जेमतेम १५ किलोमीटर. त्यामुळे इथे वेगाची फुशारकी चालत नाही. दहाव्या तासाला शरीर काय भावात काम करते आहे यावर सगळे ठरते. याच राज्यातल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून अमेरिका आडवी पार करण्याची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पूर्ण केली आणि २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. इथला उन्हाळा मात्र आकड्यांत ढवळाढवळ करतो. एप्रिल-मेमध्ये घामाने रक्तातला द्रवभाग घटतो, त्वचा थंड ठेवायला रक्त वळवले जाते आणि वॅट तेवढेच असताना ठोके तासागणिक चढत जातात. मार्चचे गुणोत्तर मेच्या गुणोत्तराशी ताडून ‘माझा दम गेला’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे उन्हाचा दोष स्वतःच्या माथी मारणे. तुलना समान हवामानातल्याच राइडची हवी.

एवढ्या यंत्रांचा खर्च कोण करणार, हा आक्षेप त्याहून रास्त. पॉवर मीटर आजही अनेकांच्या सायकलपेक्षा महाग पडतो. पण आपल्याकडे घाट आहेत, आणि चढावर वेग कमी असल्याने हवेचा हिस्सा लहान राहतो. समजा स्वार आणि सायकल मिळून ८० किलो, आणि घाटात ३०० मीटर उंची २० मिनिटांत चढली. ८० गुणिले ९.८ गुणिले ३०० म्हणजे २,३५,२०० ज्यूल. भागिले १,२०० सेकंद, म्हणजे १९६ वॅट. टायरच्या घर्षणाचे आणि हवेचे थोडे वर धरावे लागतील, पण तोच घाट, तीच सायकल आणि तोच टायरमधला दाब असेल तर ही भर दर वेळी जवळपास सारखीच राहते. एक साधे घड्याळ आणि छातीचा पट्टा यांवर हा हिशेब होतो. मनगटावरूनच ठोके मोजणारे यंत्र हादऱ्यांनी आणि घामाने चुकते, म्हणून पट्टाच बरा. कात्रज, खंबाटकी किंवा कसारा यांपैकी आपल्याला जवळचा घाट महिन्यातून एकदा ठरावीक ठोक्यांत चढावा आणि किती मिनिटे लागली ते पाहावे.

राहता राहिला सर्वांत जुना आक्षेप : शार्ल तेराँ यांनी १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची शर्यत ७१ तासांच्या आसपास जिंकली, गॉडविन वर्षभर रस्त्यावर राहिले, त्यांना कोणते वॅट ठाऊक होते? मोजल्याने दम वाढत नाही, तो चालवल्याने वाढतो, हे निर्विवाद. पण त्या दोघांना दिवसाचे दिवस सायकलवर काढता आले. शरीराचे बोलणे ऐकायला त्यांच्याकडे वेळच वेळ होता. नोकरी सांभाळून आठवड्याला सहा-आठ तास चालवणाऱ्याला चुकीच्या सरावात तीन महिने घालवणे परवडत नाही. त्याला मोजमापाची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे. शरीराच्या साक्षीला मात्र आजही पर्याय नाही, आणि याचे कारण खुद्द आकड्यांतच आहे. कित्येक तासांच्या थकव्यानंतर, विशेषतः झोपेविना, ठोके वर चढायचेच बंद होतात. सहाशे किलोमीटरच्या बीआरएमच्या दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वॅटला कमी ठोके पडलेले दिसतात आणि गुणोत्तर सुधारल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात स्वार रिता झालेला असतो. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेला ६ ते २० असे अंक देणारी पट्टी आखली होती, ती इथे उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशीची फाईल वाचताना वॅट आणि ठोके यांच्या शेजारी स्वाराने स्वतः दिलेला हा अंक असायला हवा, आणि तो प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर, ब्रेव्हे कार्ड या नोंदपत्रावर शिक्का पडत असतानाच लिहिलेला हवा. घरी येऊन, आंघोळ-झोप झाल्यावर आठवून दिलेला अंक खाली येण्याची शक्यता असते.