पाहणीची नजर आणि निवांत नजर

पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव मोसंबीच्या बाजारपेठेमुळे मराठवाड्यात सर्वदूर परिचित आहे. येथील माणसाचे झाडाशी, मातीशी आणि आभाळाशी असलेले नाते प्रामुख्याने पोटापाण्याचे असून, २०१२-१३च्या दुष्काळात मराठवाड्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळून गेल्या, तेव्हा हाच निसर्ग अनेक कुटुंबांच्या विवंचनेचे कारण ठरला. निसर्गसान्निध्यात मन प्रसन्न होते, हे विधान त्यामुळे अशा परिसरात जसेच्या तसे लागू करता येत नाही. कारण दिवसभर झाडांत राबणाऱ्याचे मनही खचते. निसर्गातील लहानसहान क्षणांमुळे मनाला उभारी नेमकी केव्हा मिळते, याचे उत्तर गेल्या चार दशकांतील संशोधनातून बऱ्याच अंशी हाती येते.

या संशोधनाचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास होय. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग आदी बाबतींत सारख्या असलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या असता, ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्यांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांच्या तुलनेत, तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि घरीही किंचित लवकर जाता आले. हे रुग्ण कोणत्याही रानावनात गेलेले नव्हते. झाडे केवळ त्यांच्या नजरेच्या टप्प्यात होती.

असे का घडते, याची एक उपपत्ती रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडली. हिशेब, वाहन चालवणे किंवा फवारणीचे प्रमाण ठरवणे यांसाठी लागणारे लक्ष प्रयत्नपूर्वक टिकवावे लागते व म्हणून ते थकते. याला ‘निर्देशित अवधान’ म्हणतात. याउलट हलणारी पाने, ढगांचे सरकणे किंवा पाण्यावरचे तरंग लक्ष अलगद वेधतात आणि विचारांना मोकळीक देतात. कॅप्लन यांनी त्यास ‘सौम्य आकर्षण’ म्हटले असून, त्या अवधीत थकलेले अवधान पूर्वपदावर येते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

खिन्नतेत भर घालणारी आणखी एक प्रक्रिया म्हणजे विचारांचा रवंथ, अर्थात आपल्या उणिवा, नुकसान आणि चुका पुनःपुन्हा घोळवत राहणे. ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३८ व्यक्तींपैकी काहींना झाडागवताच्या परिसरात, तर इतरांना वर्दळीच्या रस्त्यालगत ९० मिनिटे चालवण्यात आले. पहिल्या गटातील रवंथ कमी झाल्याचे आढळले आणि त्याच्याशी निगडित असलेल्या, कपाळामागील मेंदूच्या एका भागातील हालचालही मंदावलेली दिसली.

हे निष्कर्ष पाचोडच्या बागेत लावून पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. मोसंबीच्या कोवळ्या पालवीवर लिंबू फुलपाखराची मादी फिकट पिवळसर अंडी एकेक करून घालते. त्यांतून निघालेली लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे ती शत्रूच्या नजरेतून सुटते. पूर्ण वाढल्यावर ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेला लालसर अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. बागायतदाराच्या लेखी ही पाने खाणारी कीड आहे आणि तिची पाहणी करणे हे निर्देशित अवधानाचे, म्हणजेच थकवणारे, काम आहे. मात्र काम आटोपल्यावर बांधावर टेकलेला तोच माणूस फुलावर पंख थरथरवत मध घेणारे फुलपाखरू निव्वळ पाहतो, तेव्हा झाड तेच असले तरी मनाची क्रिया वेगळी असते.

हॉली-अ‍ॅन पासमोर आणि मार्क होल्डर यांचा कॅनडातील अभ्यास याच दिशेने जातो. त्यातील विद्यार्थ्यांच्या एका गटाला दोन आठवडे रोजच्या वाटेवरील निसर्ग आणि त्यातून मनात उमटणारी भावना यांची केवळ दखल घेण्यास सांगितले होते. मानवनिर्मित वस्तूंकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा या गटात सुखद भावना अधिक आढळल्या. लंडनमधील किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे १,३०० जणांच्या मोबाइलवरील नोंदी अभ्यासल्या, तेव्हा पक्षी दिसल्या-ऐकल्यानंतर मनःस्थिती सुधारल्याचे, आणि हा लाभ नैराश्य असलेल्यांनाही होत असल्याचे, दिसून आले. पक्ष्यांसाठी पाचोडकरांना दूर जाण्याचे कारण नाही. बागेत बुलबुल आणि शिंजीर असतातच, शिवाय १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य घोषित झालेला जायकवाडीचा नाथसागर याच तालुक्यात आहे.

अर्थात, यांपैकी काही प्रयोगांतील सहभागींची संख्या मर्यादित आहे आणि फुलपाखराकडे पाहिल्याने कर्ज फिटत नाही किंवा आजार बरा होत नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, झोप व भूक हरपली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शासनाच्या ‘टेली-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. त्या उपचारांच्या जोडीला, दिवसातून काही मिनिटे बागेची पाहणी बाजूला ठेवून बाग नुसतीच पाहावी.